परवली चुकलेला संगणक

सोमवारची सकाळ आहे. एका सहकारी पतसंस्थेच्या शाखेत ठेवींचे व्याज नेण्यासाठी आलेली वयस्क मंडळी बाकावर बसली आहेत. खिडकीमागील कारकुनाने संगणक सुरू केला, आपले नाव व परवलीचा शब्द टंकित केला आणि काम सुरू होण्याची तो वाट पाहू लागला. पण पडद्यावर नेहमीचे चित्र न उमटता इंग्रजीतील एक ओळ उमटली : ‘द ट्रस्ट रिलेशनशिप बिटवीन धिस वर्कस्टेशन अँड द प्रायमरी डोमेन फेल्ड.’ म्हणजे, या संगणकाचे आणि त्याच्या मुख्य डोमेनचे विश्वासाचे नाते तुटले आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत हाच संगणक निमूटपणे काम करीत होता. कारकुनाच्या माहितीप्रमाणे यंत्राला कोणी हात लावलेला नाही, तार तुटलेली नाही, दिवे लुकलुकत आहेत. मग रविवारच्या एका सुट्टीत कोणाचा कोणावरचा विश्वास उडाला ?

ज्या कचेरीत दहावीस संगणक एका जाळ्यात गुंफलेले असतात, तेथे केव्हा ना केव्हा हा प्रसंग ओढवतोच. अशा वेळी माणसे बहुधा ठरावीक रीतीने वागतात. कारकुनाला वाटते, आपलाच शब्द चुकला; म्हणून तो तोच शब्द पुन्हा पुन्हा टंकित करतो. व्यवस्थापकाला वाटते, कारकुनाने काहीतरी नको ते दाबले. आणि दुरुस्तीसाठी आलेला घाईचा माणूस कारणाची चौकशी न करता संगणकाचे नाव जुन्या नोंदींतून पुसून टाकतो व नव्याने लिहितो. पहिल्या दोघांच्या समजुतीने कोणाचे फारसे बिघडत नाही. तिसऱ्याच्या घाईने मात्र कधी कधी असे नुकसान होते, की जे मागाहून भरून काढता येत नाही. म्हणून हे विश्वासाचे नाते म्हणजे नेमके काय, ते कशाने तुटते आणि कोणत्या क्रमाने सांधावे, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

जुन्या काळी किल्ल्याच्या दरवाजावर रात्री पहारा असे आणि आत येणाऱ्याला परवलीचा शब्द विचारला जाई. शब्द जुळला तर दिंडी उघडे, एरवी नाही. ही परवली वेळोवेळी बदलली जाई. समजा, एखादा शिपाई कामगिरीवर बाहेर गेला आणि परत आला तेव्हा त्याच्या ध्यानात जुनीच परवली राहिली. तो शिपाई किल्ल्याचाच आहे, त्याचे नाव हजेरीपटावर आहे, त्याच्या मनात कपट नाही. तरीही पहारेकऱ्याने त्याला आत घेता कामा नये. कारण चेहऱ्यामोहऱ्यावरून कोणी ओळख पटवायची नाही, शब्दावरूनच पटवायची, असा नियम आहे. आणि तो नियम मोडला तर उद्या शत्रूही त्याच चेहऱ्याने आत येईल. संगणकाच्या डोमेनमध्ये घडते ते जवळजवळ असेच.

डोमेन म्हणजे एका सत्तेखाली नांदणारा संगणकांचा समूह. त्या समूहाची नोंदवही ज्याच्याजवळ असते त्या मुख्य संगणकाला डोमेन कंट्रोलर म्हणतात. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९३ साली बाजारात आणलेल्या विंडोज एनटी या प्रणालीपासून ही रचना कचेऱ्यांत रूढ होऊ लागली, आणि फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० या प्रणालीबरोबर तिला ॲक्टिव्ह डिरेक्टरी हे आजचे रूप मिळाले. या नोंदवहीत कोण माणूस कचेरीत काम करतो हे लिहिलेले असते, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु कोणकोणती यंत्रे कचेरीची आहेत हेही तेथे तितक्याच काटेकोरपणे लिहिलेले असते, हे फार थोड्यांच्या लक्षात येते. प्रत्येक माणसाचे जसे खाते, तसेच प्रत्येक यंत्राचेही खाते. प्रत्येक माणसाचा जसा परवलीचा शब्द, तसाच प्रत्येक यंत्राचाही.

यंत्राचा हा शब्द कोणा माणसाने ठरविलेला नसतो आणि कोणी तो पाहिलेलाही नसतो. संगणक तो स्वतःच घडवितो. तो १२० अक्षरांचा, कोणताही अर्थ नसलेला, आणि म्हणूनच कोणाला तर्काने ओळखता न येणारा असतो. त्याची एक प्रत संगणकाच्या पोटातील सुरक्षित कप्प्यात राहते आणि तिच्याशी जुळणारी खूण डोमेन कंट्रोलरच्या नोंदवहीत राहते. सकाळी संगणक सुरू झाला, की माणसाने नाव टंकित करण्यापूर्वीच तो गुपचूप कंट्रोलरशी बोलतो, आपल्याला तो शब्द ठाऊक आहे याची खात्री पटवितो, आणि मग दोघांमध्ये एक सुरक्षित वाहिनी उघडते. कारकुनाचे नाव व शब्द पडताळण्याचे काम या भरवशावर चालते. तेव्हा यंत्राची परवली चुकली, तर कारकुनाचा शब्द कितीही बिनचूक असला तरी व्यर्थ ठरतो. एवढी गोष्ट कळली तरी कारकुनाच्या माथ्यावरील निष्कारण दोष उतरतो. त्याने स्वतःचा शब्द बदलून पाहण्यातही हशील नाही. बिघाड त्याच्या शब्दात नाहीच.

किल्ल्याची परवली बदलावी तशी यंत्राचीही परवली बदलत असते. विंडोज एनटीच्या चौथ्या आवृत्तीत ती दर सात दिवसांनी बदले; विंडोज २००० पासून हा काळ सर्वसाधारणपणे तीस दिवसांचा आहे. या ठिकाणी एक मुद्दा ध्यानी धरण्यासारखा आहे. बदल करण्याचा पुढाकार संगणकाचा असतो, कंट्रोलरचा नव्हे. तीस दिवस उलटले म्हणून कंट्रोलर कोणाचा शब्द रद्द करीत नाही. त्यामुळे ‘संगणक महिनाभर बंद राहिला की त्याचा विश्वास तुटतो’ हा जो समज कचेऱ्यांतून ऐकू येतो, तो चुकीचा आहे. सहा महिने कपाटात राहिलेला संगणकही बाहेर काढून जोडला, तर जुन्याच शब्दाने ओळख पटवितो आणि मग आपला शब्द बदलून घेतो. तो ओळख पटवू शकला नाही, तर कारण बहुधा निराळे असते : दीर्घकाळ न दिसलेल्या यंत्रांची खाती काही कचेऱ्यांतून ठरावीक मुदतीनंतर बंद केली जातात किंवा पुसली जातात. म्हणजे शिपाई परवली विसरला नाही. हजेरीपटावरून त्याचे नावच खोडले गेले.

व्यवस्थेत आणखी एक शहाणपण योजलेले आहे. संगणक आणि कंट्रोलर दोघेही चालू शब्दाबरोबर त्याच्या आधीचा एक शब्दही जपून ठेवतात. निरोप वाटेत अडला, एका बाजूस बदल पोहोचला आणि दुसऱ्या बाजूस पोहोचला नाही, तरी आधीच्या शब्दावर काम भागते. पण ही सवड एकाच पायरीची आहे. दोहोंमधील अंतर त्याहून वाढले, की नाते तुटते.

आता नाते तुटण्याची कारणे पाहिली, तर त्यांत सर्वांत वारंवार आढळणारे कारण म्हणजे यंत्राला भूतकाळात नेणे. आरंभी सांगितलेल्या शाखेचेच उदाहरण पुढे चालवू. थोडी विचारपूस केल्यावर असे निघाले, की शनिवारी कारकून घरी गेल्यानंतर छपाईयंत्र चालेना, म्हणून दुरुस्ती करणाऱ्याने तीन महिन्यांपूर्वी घेऊन ठेवलेली संगणकाची संपूर्ण प्रतिकृती त्यावर पुन्हा चढविली. छपाईयंत्र चालू लागले; काम फत्ते झाले असे समजून तो निघून गेला. परंतु त्या प्रतिकृतीबरोबर संगणकाची स्मृतीही तीन महिने मागे गेली. मधल्या काळात दोनतीन वेळा बदललेली परवली तो विसरला. कंट्रोलर मात्र काही विसरला नाही. शाकुंतलातील गोष्टीत शापाने राजाची स्मृती गेली आणि अंगठी हरवली म्हणून ती परत येईना. येथे राजाची स्मृती शाबूत आहे, आणि खुणेची अंगठीच जुनी, बाद झालेली आहे. एकाच यंत्रात अनेक काल्पनिक यंत्रे चालविण्याची जी पद्धत आज सर्वत्र रूढ आहे, तिच्यात एका कळीसरशी यंत्राला जुन्या अवस्थेत नेता येते; म्हणून तेथे हा प्रकार विशेष आढळतो. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत प्रत्येक वेळी सुरू होताना पूर्वस्थितीवर येणारे संगणक असतात. ते आज शब्द बदलतात आणि उद्या सकाळी विसरतात. तेथे शब्द आपोआप बदलण्याची क्रिया विचारपूर्वक थांबविणे किंवा ती प्रतिकृती नव्याने घेण्याच्या वेळापत्रकाशी जुळविणे, हाच उपाय असतो.

दुसरे कारण नावाच्या जुळेपणाचे. नवा संगणक आणला आणि त्यास चुकून जुन्याचेच नाव देऊन पुरेशा अधिकाराच्या माणसाने डोमेनमध्ये दाखल केले, तर नोंदवहीतील त्या नावापुढचा शब्द नव्या यंत्राचा होतो. नवा आत येतो आणि त्याच क्षणी जुना उंबऱ्याबाहेर पडतो. एकाच प्रतिकृतीवरून अनेक संगणक उठविताना त्यांची वेगळी ओळख पाडण्याची विहित प्रक्रिया टाळली, तरीही असाच घोटाळा माजतो. तिसरे कारण नोंदवहीकडील : कोणी खाते पुसले, बंद केले, किंवा ‘रिसेट’ केले. या रिसेट शब्दाने पुष्कळांची फसगत होते. नोंदवहीत खाते रिसेट केल्याने नाते सांधत नाही. उलट तेथील शब्द मूळ स्थितीवर जातो, आणि संगणकाला पुन्हा रीतसर दाखल करून घेतल्यावाचून भागत नाही.

चौथे कारण हे वस्तुतः विश्वासभंगाचे नसून विश्वासभंगाच्या आभासाचे असते. आणि म्हणूनच ते आधी तपासले पाहिजे. ते म्हणजे घड्याळ आणि पत्ता. घड्याळाचा संबंध समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. असुरक्षित तारेवरून दोन यंत्रांनी शब्द उघड न करता परस्परांची ओळख कशी पटवावी, या प्रश्नावर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रातील रॉजर नीडहॅम व मायकेल श्रोडर यांनी १९७८ साली एक मूलगामी निबंध प्रसिद्ध केला. त्यावर आधारून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, १९८३ साली सुरू झालेल्या अथीना या प्रकल्पात, केर्बरॉस नावाची पद्धत घडविण्यात आली. ग्रीक पुराणांत पाताळाच्या दाराशी बसलेला तीन डोक्यांचा कुत्रा आहे, त्याचे हे नाव. आपल्याकडे ऋग्वेदात यमाच्या वाटेवर राखण करणारे चार डोळ्यांचे दोन सारमेय आहेत, त्यांचाच हा दूरचा भाऊबंद म्हणावा. येथील तीन डोकी म्हणजे मागणारा, देणारा, आणि दोघांचाही विश्वास असलेला मध्यस्थ. विंडोज २००० पासून डोमेनमधील ओळख मुख्यतः याच पद्धतीने पटविली जाते.

केर्बरॉस पद्धतीत प्रत्येक ओळखपत्रावर वेळेचा शिक्का असतो. चोराने वाटेत जुने ओळखपत्र पळवून मागाहून वापरू नये, म्हणून हा बंदोबस्त. त्यामुळे दोन यंत्रांच्या घड्याळांत फार तफावत चालत नाही. सर्वसाधारण मर्यादा पाच मिनिटांची असते. संगणकाच्या आतील रुपयाएवढी बॅटरी संपली, घड्याळ काही वर्षे मागे गेले, की ओळख पटणे बंद होते. याहून फसवा प्रकार कालविभागाचा आहे. यंत्रे आपसांत जागतिक वेळेच्या हिशेबाने बोलतात आणि भारतीय वेळ त्याच्यापुढे साडेपाच तास आहे. एखाद्या संगणकात कालविभाग परदेशाचा राहून गेला आणि कोणी केवळ काटे फिरवून पडद्यावर भारतीय वेळ आणली, तर पाहणाऱ्यास घड्याळ बरोबर दिसते, परंतु यंत्राच्या हिशेबी ते काही तासांनी चुकलेले असते. म्हणून घड्याळ तपासताना वेळ, तारीख आणि कालविभाग ही तिन्ही तपासली पाहिजेत.

पत्त्याचे प्रकरणही असेच. संगणक कंट्रोलरला शोधतो तो नाव सांगून, आणि नावावरून ठिकाण सांगण्याचे काम डीएनएस ही सेवा करते. कचेरीच्या डोमेनचे अंतर्गत पत्ते कचेरीच्याच डीएनएसला ठाऊक असतात. कोणी ‘इंटरनेट जलद चालावे’ म्हणून त्या जागी बाहेरच्या सार्वजनिक सेवेचा पत्ता घातला, तर इंटरनेट उत्तम चालते आणि कंट्रोलर मात्र सापडत नाही. परगावच्या टपालवाल्यास गल्लीतील वाड्याचे घरगुती नाव विचारावे, तसे ते होते. संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर समजावे की जाळ्याने त्याला पत्ताच दिलेला नाही आणि त्याने आपल्यापुरता एक घडवून घेतला आहे. अशा यंत्राचा विश्वास तपासण्यापूर्वी तार तपासावी.

यावरून तपासाचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम पाहावे, की एकच संगणक अडला आहे की सगळे. सगळेच एकदम अडले असतील, तर दोष यंत्रांचा नसून कंट्रोलरचा किंवा जाळ्याचा आहे, आणि एकेका संगणकावर उपाय करीत बसणे म्हणजे विहीर आटली असता घागरी बदलणे होय. एकच अडला असेल, तर पडद्यावरील निरोप शब्दशः वाचावा. लॉगऑन सर्व्हर उपलब्ध नाही, असे सांगणारा निरोप आणि विश्वास तुटल्याचा निरोप हे दोन निरनिराळे आहेत. मग तार, पत्ता, डीएनएस आणि घड्याळ ही पाहावीत. त्यानंतर नोंदवहीत त्या यंत्राचे खाते आहे की नाही, चालू आहे की बंद, आणि त्याच नावाचा दुसरा कोणी आला आहे काय, हे पाहावे. संगणकाच्या घटनानोंदीत ‘नेटलॉगॉन’च्या नावाखाली ३२१० या क्रमांकाची नोंद असेल, तर तिचा अर्थ कंट्रोलरपुढे आपली ओळख पटविता आली नाही असा होतो, ५७१९ असेल, तर बहुधा कंट्रोलर गाठताच आला नाही. या दोन आकड्यांतील फरक ज्यास कळला त्याचा अर्धा तपास झाला. आणि शेवटी, कोणासही दरडावून न विचारता, गेल्या काही दिवसांत यंत्रावर काय काय केले गेले, हे विचारावे. दरडावून विचारले असता खरी हकीकत कळत नाही, आणि पुढचा शनिवारही तसाच जातो.

आता उपाय. उपाय करण्यासाठी संगणकाच्या आत शिरावयास हवे, आणि तेच तर बंद झाले आहे ! यावर दोन वाटा आहेत. पहिली, प्रत्येक संगणकावर डोमेनशी संबंध नसलेले एक स्थानिक प्रशासकाचे खाते असते. त्याचा शब्द ठाऊक असेल तर प्रश्नच नाही. दुसरी वाट थोडी आडवळणाची आहे. जाळ्याची तार काढून ठेवावी. वायरलेस असेल तर तेही बंद करावे. कंट्रोलर आवाक्यात नाही असे दिसल्यावर संगणक आपल्यावर पूर्वी प्रवेश केलेल्या माणसांची जी टिपणे राखून ठेवतो, त्यांवर भिस्त ठेवून प्रवेश देतो. सर्वसाधारणपणे अशी दहा टिपणे राखलेली असतात. ज्या माणसास त्या यंत्रावर प्रशासकाचे अधिकार आहेत आणि ज्याने पूर्वी तेथे प्रवेश केलेला आहे, तो अशा रीतीने आत जाऊ शकतो. आत गेल्यावर तार पुन्हा जोडावी. मात्र यंत्र भूतकाळात नेलेले असेल तर ही टिपणेही त्या वेळचीच असतात; म्हणून माणसालाही आपला तेव्हाचा जुना शब्द आठवावा लागतो.

आत गेल्यावर विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेल ५.१ या साधनात ‘टेस्ट-कॉम्प्युटर-सिक्युअर-चॅनल’ अशा नावाची आज्ञा आहे. ती नुसती दिली असता नाते शाबूत आहे की नाही एवढेच सांगते. तिच्यापुढे ‘रिपेअर’ हा शब्द जोडून आणि डोमेनमध्ये पुरेसा अधिकार असलेल्या माणसाची ओळख देऊन ती चालविली, तर संगणक व कंट्रोलर यांच्यात नवी परवली ठरते आणि तुटलेली वाहिनी सांधली जाते. संगणकाला डोमेनमधून काढावे लागत नाही, खाते पुसावे लागत नाही, कोणाचे दप्तर हलत नाही. मायक्रोसॉफ्टने वेगळ्याने काढलेल्या पॉवरशेलच्या सहाव्या व पुढील आवृत्त्यांत ही आज्ञा नाही, हे ध्यानात ठेवावे. नाहीतर आज्ञाच सापडत नाही म्हणून नवा गोंधळ उडतो. ‘नेटडॉम’ या जुन्या साधनानेही परवली नव्याने ठरविता येते. खुद्द एखाद्या कंट्रोलरचे दुसऱ्या कंट्रोलरशी नाते तुटले असेल, तर हेच साधन वापरतात. पण ते काम जाणकारावरच सोपवावे.

हा सौम्य उपाय चालला नाही तरच संगणकाला डोमेनमधून बाहेर काढून पुन्हा दाखल करण्याचा मार्ग घ्यावा. तो प्रचारात अधिक असला तरी त्यात दोन धोके आहेत. पहिला असा, की बाहेर काढल्यावर यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा डोमेनची कोणतीच ओळख चालत नाही. फक्त स्थानिक प्रशासकाचा शब्द चालतो. तो कोणास ठाऊक नसेल, तर स्वतःच्याच घराला आतून कडी घालून खिडकीतून उडी मारल्यासारखे होते. म्हणून बाहेर काढण्यापूर्वी तो शब्द प्रत्यक्ष वापरून पाहावा, निव्वळ आठवतो यावर विसंबू नये.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. पुष्कळ कचेऱ्यांत संगणकाची तबकडी बिटलॉकर या व्यवस्थेने कुलूपबंद केलेली असते आणि अडचणीच्या वेळी ते कुलूप उघडण्याची किल्ली नोंदवहीत त्या यंत्राच्या खात्याच्या पोटात ठेवलेली असते. खाते पुसले की त्याच्या पोटातील किल्लीही जाते. त्याच नावाने नवे खाते काढले तरी ते नवेच. जुन्याची किल्ली त्याला वारशाने मिळत नाही, आणि जुन्याला मिळालेले गटांचे अधिकारही मिळत नाहीत. पुढे कधी यंत्राने ती किल्ली मागितली आणि तिची दुसरी प्रत कोठे नसली, तर त्या तबकडीवरील कागदपत्रे कायमची गेली असे समजावे. काही कचेऱ्यांत पुसलेली खाती परत आणण्याची सोय केलेली असते. पण ती आधी सुरू केलेली असावी लागते, संकट आल्यावर सुरू करून उपयोग नाही. तेव्हा खाते पुसणे हा उपाय नव्हे. तो उपायाच्या वेषातील अपघात आहे. शिवाय ऑक्टोबर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षिततेसाठी असा निर्बंध घातला, की अस्तित्वात असलेले खाते पुन्हा वापरून यंत्र दाखल करण्याचा अधिकार वाटेल त्यास असू नये. त्यामुळे पूर्वी ज्याने सहज यंत्र दाखल केले त्यालाही आज नकार येऊ शकतो. असा नकार आला म्हणून खाते पुसण्याच्या मोहात न पडता योग्य अधिकाऱ्याकडून काम करवून घ्यावे.

हा सगळा खटाटोप पाहून एखाद्याच्या मनात येईल, की यंत्रांनी एकमेकांशी इतके काटेकोर का वागावे ? ओळखीचे यंत्र आहे, येऊ द्यावे आत. या शंकेचे उत्तर २०२० साली मिळाले. नेदरलँडमधील सेक्युरा या संस्थेच्या टॉम टेरफोर्ट यांनी यंत्रांच्या याच ओळखीच्या व्यवहारात एक दोष दाखवून दिला. सांकेतिक लेखनात जेथे दर वेळी निराळे, यादृच्छिक मूल्य घ्यावयास हवे होते, तेथे सगळी शून्येच घेतली जात होती. परिणाम असा, की जाळ्यात शिरलेला कोणीही, कसलाही शब्द ठाऊक नसताना, शून्ये पाठवून पाठवून अल्पावधीत खुद्द कंट्रोलरच्या खात्याची परवली रिकामी करू शकत होता, आणि मग सगळी कचेरी त्याच्या हाती येत होती. या दोषास झीरोलॉगॉन हे नाव पडले. धोक्याच्या दहापैकी दहा अशा सर्वोच्च श्रेणीत तो गणला गेला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये त्यावरची पहिली दुरुस्ती प्रसृत झाली. दरवाजावरचा पहारेकरी थोडा ढिला पडला तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. सोमवारी सकाळी जो निरोप कारकुनास अडवतो, तोच निरोप बाकावर बसलेल्या ठेवीदारांच्या पैशांची राखणही करीत असतो.

तेव्हा प्रश्न पहारा सैल करण्याचा नाही, स्वतःच्या शिपायाची अडवणूक टाळण्याचा आहे. त्यासाठी करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. यंत्रांची नावे ठरावीक पद्धतीने द्यावीत आणि कोणते नाव कोणास दिले याची नोंद ठेवावी. सर्व घड्याळे एकाच विश्वसनीय घड्याळाशी जुळती ठेवावीत. जुनी प्रतिकृती चढविताना, ती किती दिवसांची आहे हे पाहावे आणि परवली नव्याने ठरविणे हा त्या कामाचाच शेवटचा भाग समजावा. दीर्घकाळ न दिसलेल्या यंत्रांची खाती लगेच न पुसता आधी केवळ बंद करावीत, म्हणजे चूक ध्यानात आल्यास ती पुन्हा चालू करता येतील. स्थानिक प्रशासकाचा शब्द एका माणसाच्या डोक्यात किंवा खणातील चिठ्ठीवर राहू देऊ नये. प्रत्येक यंत्राचा असा शब्द वेगळा ठेवून तो नोंदवहीत जपण्याची लॅप्स नावाची सोय मायक्रोसॉफ्टने २०१५ साली काढली, आणि एप्रिल २०२३ पासून ती विंडोजमध्येच समाविष्ट झाली आहे.

त्या पतसंस्थेच्या शाखेत ही सर्व चौकशी व्हावयास फार तर पाऊण तास लागेल, आणि प्रत्यक्ष दुरुस्तीस काही मिनिटे. यंत्र पुन्हा सुरू होईल, कारकून आपला तोच शब्द टंकित करील आणि त्याच शब्दाने दार उघडेल. कारण तो शब्द कधी चुकलेलाच नव्हता. बाकावरील मंडळी आपले व्याज घेऊन घरी जातील. शनिवारी प्रतिकृती चढविणाऱ्या माणसास मात्र एक गोष्ट समजावून सांगावी लागेल, आणि ती शांतपणे सांगितली तर तो ती विसरणार नाही : यंत्राला मागे नेता येते, पण ज्यांच्याशी त्याचे नाते असते ते त्याच्याबरोबर मागे जात नाहीत.